लाकडी मूठ

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी म्हणालं की साहेब, एखादी केस सांगा, तर मला आधी आठवतं ते एक पिस्तूल, ज्यानं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून लालबाग-परळलाच राहतात आणि बाजारात भेटली की माझ्याशी बोलतात.

तेव्हा मी त्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. गणपती तोंडावर आलेले. म्हणजे काय, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. मंडळांच्या बैठका, बंदोबस्ताचे नकाशे, सगळ्यांच्या रजा बंद, आणि शिपायांच्या बायकांचे थेट मला फोन, "साहेब, निदान घरच्या गणपतीला तरी ह्यांना सोडा हो." त्या गडबडीत एका सकाळी जवळच्या नेमबाजी क्लबचे सेक्रेटरी माझ्यासमोर येऊन बसले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. शर्टाची इस्त्री कडक, बोलणं त्याहून कडक.

"आमचं एक एअर पिस्तूल गेलंय," ते म्हणाले.

एअर पिस्तूल म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारणारं, स्पर्धेतलं. त्याला परवाना लागत नाही. पण दिसायला ते पिस्तूलच, आणि ऐन गणपतीत पिस्तूल गेल्याचं कळलं की वरचे साहेब छर्रा आणि गोळी यांतला फरक विचारत बसत नाहीत. मी स्टेशन डायरीत 'गहाळ' अशी नोंद घ्यायला सांगितलं.

"गहाळ कसलं? चोरीचा गुन्हा नोंदवा."

"आधी चौकशी तर करू द्या," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

दुपारी क्लबात गेलो. सभासदांची संख्या तिथे ठरलेली होती. अर्जाला दोन जुन्या सभासदांची शिफारस लागायची, मग पोलीस पडताळणी, मग समितीपुढे मुलाखत. नावावर गुन्हा असेल तर अर्ज बादच. सभासदाबरोबर आलेल्या घरच्या माणसांनी पिवळ्या रेघेच्या मागे बाकावर बसायचं, हत्याराला हात लावायचा नाही. क्लबचं पिस्तूल सभासदाला त्याच्या लॉकरमध्ये ठेवता यायचं, पण इमारतीच्या बाहेर न्यायचं नाही. सेक्रेटरी हे सगळं तोंडपाठ सांगत होते. खरं सांगू? मला त्यात काही गैर वाटलं नाही. हत्याराच्या जागेला असलेच नियम हवेत.

गेलेलं पिस्तूल एका जुन्या सभासदाच्या लॉकरमधलं होतं. तो सभासद पावसाळ्याआधी आजारपणात वारला होता. त्याची बायको येऊन लॉकर रिकामा करून गेली होती. मी म्हटलं, मग तिलाच विचारा की! सेक्रेटरींनी जीभ चावली. "छे छे! अहो, देवमाणूस बाई. इतकी वर्षं दर रविवारी नवऱ्याबरोबर यायची, बाकावर बसायची, कधी चकार शब्द नाही." त्यांचा संशय नव्या पोरांवर होता, सफाईवाल्यावर होता, त्या बाईंवर तेवढा नव्हता.

आम्ही पोरांना विचारलं, सफाईवाल्याला विचारलं. हाती काही लागलं नाही. तेवढ्यात खबर आली. एका चाळीसमोर नवा टॉवर उभा राहिलाय, तिथला सुरक्षारक्षक आमच्या बीट अंमलदाराच्या ओळखीचा. तो म्हणाला, समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून पिस्तूल रोखून उभी असते. मारत नाही, काही नाही. नुसती उभी.

पत्ता काढला. देवमाणूस बाईंचाच.

बायकांची चौकशी ठाण्यात बोलावून करायची नसते, त्यांच्या घरी जाऊन करायची. मी साध्या कपड्यांत गेलो, बरोबर एक महिला हवालदार. चाळीत पोलीस आले की सगळ्या दारांतून डोकी बाहेर येतात, ते मला नको होतं. बाई पन्नाशी उलटलेल्या, मूळच्या मालवणकडच्या. मुलगा-सून कामावर गेलेली. आम्ही कोण ते सांगितलं तसं त्यांनी आम्हाला आत घेतलं. भिंतीवर पेनानं काढलेला एक काळा ठिपका होता. आसपास छर्ऱ्याची एकही खूण नव्हती.

"ताई, पिस्तूल कुठाय?"

त्यांनी कपाटातून टॉवेलात गुंडाळलेलं पिस्तूल काढून माझ्यापुढे ठेवलं. लपवाछपवी नाही की रडारड नाही.

"हे क्लबचं आहे, माहीत होतं ना?"

"होय."

"मग का आणलंत?"

मी आवाज वाढवला, मग उतरवला, सगळे प्रकार करून पाहिले. तीस वर्षं हेच केलेलं. बाई ढिम्म हलेनात. शेवटी मी म्हटलं, "ताई, मी आज सहीनिशी चोरी लिहिली, तर तुमच्या नावावर गुन्हा लागेल. त्या क्लबाचं दार तुम्हाला जन्मभर बंद. बाकावरसुद्धा बसू देणार नाहीत."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "ह्यां माझां आसा, सायबा," त्या म्हणाल्या.

पिस्तूल जप्त करण्याआधी तपासावं म्हणून मी हातात घेतलं. मी स्वतः पोलीस स्पर्धांत नेमबाजी केलेली, तेव्हा हात आपोआप धरायला गेला. धरताच येईना! अंगठा बसेना, बोटं एकमेकांवर चढायला लागली. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडी असते आणि नेमबाज ती कानशीनं घासून, कमी पडेल तिथे पुट्टी भरून आपल्या तळव्याच्या मापाची करून घेतात. ही मूठ फारच लहान हाताची होती. मी बाईंच्या हाताकडे पाहिलं.

"ताई, जरा धरून दाखवा."

त्यांनी धरलं. असं बसलं, की महिला हवालदार नकळत "अगं बाई!" म्हणून गेली.

मग त्या बोलल्या. नवरा आजारी पडल्यावर गॅलरीत बसून काहीतरी घासत असायचा. मधूनच म्हणायचा, गे, हात दी बघू. पंजा धरायचा, बोटं मिटायला लावायचा, कागदावर गिरवून घ्यायचा. "माका वाटला, बांगड्यांचा माप घेतत," त्या म्हणाल्या. लग्नाचा मोठा वाढदिवस जवळ आला होता. तो त्याआधीच गेला. दिवसकार्य झाल्यावर त्यांनी चोरून कपाट धुंडाळलं, सोनाराची डबी मिळते का म्हणून. डबी नव्हती. पुढे लॉकर रिकामा करायला गेल्या आणि पिस्तूल सेक्रेटरींना द्यावं म्हणून उचललं, तर ते हातात असं बसलं. "मग माझ्यान परत देवक झाला नाय."

इतकी वर्षं बाकावर बसून बाईंना एकच ओढ होती, आपण त्या रेघेच्या पुढे जाऊन उभं राहायचं. नवऱ्याला ते ठाऊक होतं. दरवर्षी म्हणायचा, "गे, फुडल्या वर्साक तुझो नंबर." पण सभासद भरलेले. कुणी सोडून गेला किंवा मेला, तरच जागा.

"आता झाली एक जागा," बाई म्हणाल्या, "ह्यांची." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मी उघडलेली वही मिटून खिशात ठेवली. पोलिसात असलं काही शिकवत नाहीत.

पिस्तूल घेऊन मी क्लबात गेलो. सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "धरा." त्यांनाही धरता येईना. मी बाईंच्या हाताचं सांगितलं, तशी त्यांनी मूठ उलटसुलट करून पाहिली.

"शेवटच्या मोसमात त्याचे नेम फार चुकायला लागले होते," ते म्हणाले. "आम्ही चिडवायचो त्याला. म्हातारा झालास रे, म्हणायचो. तो नुसता हसायचा." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे आपली मूठ तिच्या मापाची करून हा ह्याच मुठीवर मारत होता. स्वतःला दुसरी घेणं परवडलं नसेल, आणि आम्हाला सांगितलंही नाही गाढवानं."

मी पेचकस मागितला. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ एका स्क्रूवर असते. स्क्रू काढला, मूठ वेगळी केली. "पिस्तूल तुमचं. हे घ्या. लाकूड त्याचं, त्याच्या पदरचं. ते त्याच्या बायकोचं. आता सांगा, चोरी लिहू?"

"गहाळ होतं, मिळालं असं लिहा," सेक्रेटरी म्हणाले.

तसा जबाब घेतला आणि प्रकरण बंद केलं. बाईंनी रीतसर अर्ज केला, त्यावर पहिली शिफारस सेक्रेटरींची. पडताळणीसाठी तो अर्ज माझ्या ठाण्याकडे आला तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्यावर सही करताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं मोठ्या मोठ्या दोषारोपपत्रांवरही वाटलं नव्हतं.

त्या केसनं मला शिकवलं ते एवढंच. आम्ही पोलीस वस्तू हाती लागली की मालक कोण ते विचारतो. ती बनवली कुणासाठी, हे विचारायची आम्हाला सवय नाही. पुढे जे थोडे दिवस नोकरीत होतो, तेवढे दिवस मी ते विचारत गेलो.

बाईंचं प्राथमिक प्रशिक्षण संपलं आणि पहिल्यांदा नेम मारायचा दिवस आला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मी आता निवृत्त, म्हणजे पाहुणा. रेघेच्या मागे बाकावर बसलो. बाईंनी क्लबचं पिस्तूल घेतलं, आपली मूठ त्यावर बसवली. हात उचलला, खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मारलं. छर्रा अगदी काळ्या गोलाच्या मधोमध गेला नाही, पण कडेला का होईना, गोलात बसला.

आणि बाईंनी चटकन मागे वळून बाकाकडे पाहिलं. तोंडभर हसत. बाकावर मी होतो. मला बघून ते हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्यावरून पुढे सरकले, बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आले.

मला ते तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं. नंतर माझी बायको गेली. आता स्वयंपाक मीच करतो, वाईट करतो. परवा मात्र वालाचं बिरडं झकास जमलं, अगदी तिच्या हातचं असतं तसं. पहिला घास घेतला आणि मी मागे वळून पाहिलं.