मावशींनी जाळ पाहिला

पंगतीत पहिला घास उचलताना कोणी संडासाचा विषय काढतं का? मी काढला.

साल पंचाहत्तर-शहात्तर असेल. पवनारजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर, आणि गावातला पहिला गोबरगॅस माझ्या अंगणात. त्या आनंदात बायकोने शेजाऱ्यांना त्याच गॅसवर केलेल्या पुरणपोळीचं जेवण सांगितलं. टोकाला शेजारच्या मावशी बसल्या होत्या, सोवळ्यात, पाण्याचा तांब्यासुद्धा घरून आणलेला. त्यांनी घास घेतल्याशिवाय आमच्या आळीत पंगत सुरू होत नसे.

मी म्हणालो, "नुसतं शेण नाही बरं का, मागचा संडासही याच टाकीला जोडलाय."

सगळे घास हवेत थांबले. दाराआडून बायको माझ्याकडे कशी पाहत होती, ते सांगत नाही. मावशी घरी गेल्या की पंगत उठणार, आणि आमच्या चुलीवरचं अन्न पुन्हा कोणी शिवणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मावशींनी घास पानात ठेवला आणि उभ्या राहिल्या. मी घाईघाईने वर्ध्याहून आणलेलं माहितीपत्रक काढलं.

"मास्तर, आधी दाखव, मंग सांग."

हे त्यांचं नेहमीचंच. हातपंपाचं पाणीही त्यांनी आठ दिवस तांब्यात ठेवून नुसतं पाहिलं होतं.

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. "पेटव वं पोरी." बायकोने काडी लावली. मावशींनी वाकून निळा जाळ पाहिला, वास घेतला. मग बाहेर येऊन पानावर बसल्या.

"मढं जाळते तेही आगच, होमातली तेही आगच. आग काऊन बाटन? जेवा, पोळी गार होऊन राह्यली."

पाणी मात्र त्या स्वतःच्याच तांब्यातलं प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या चहा करायला आमच्याकडे येऊ लागल्या. धुराने डोळे चुरचुरत नाहीत म्हणून. येताना शेणाचं टोपलं आणत आणि बायकोला बजावत, "माह्या चहाले माह्या गाईचाच जाळ लावजो." बायको गंभीरपणे हो म्हणे. दहा-बारा वर्षं तो जाळ तिने वेगळा काढून दिला.

मावशी गेल्या. तेरवीच्या नैवेद्याचं पुरण मास्तराच्या गॅसवरच शिजवायचं, असं त्या सुनेला सांगून गेल्या होत्या. त्या सकाळी मावशींच्या गाईचं टोपलं मीच उचलून आणलं, टाकीत कालवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मावशींबद्दल पंगतीत चार शब्द बोलावेत, असं मनात होतं.

बायकोने काडी लावली आणि मागे न पाहता म्हणाली, "आज पंगत उठेपर्यंत तुम्ही काई सांगू नोका."