हात लावू नका, वहिनी

नर्सबाईला मोटारसायकल चालवायला कुणी शिकवलं नाही. दवाखान्यानं एक जुनी गाडी दिली, टेकडीपलीकडचे पेशंट दिले आणि सांगितलं, जा. ती गेली. पहिल्या दिवशी गेली ती थेट एका कुंपणात, पण दुसऱ्या दिवसापासून रस्त्यानंच.

तेव्हापासून खांद्यावर ती पिशवी आणि बुडाखाली ती गाडी. कुणाचे टाके काढायचे, कुणाला इंजेक्शन टोचायचं, कुणी अंथरुणाला खिळलेलं, त्याच्या पाठीची जखम धुवायची. काम संपलं की हात कोपरापर्यंत घासायचे आणि पुढचं घर गाठायचं. गाडीवर तिचा जीव होता, पण जसा सुईवर असतो तसा. सुई धारदार हवी, स्वच्छ हवी, वेळेला हाताशी हवी. ती कारखान्यात कशी घडवतात याची चौकशी कशाला? गाडीनं वेगळा आवाज काढला की ती सरळ मिस्त्रीकडे जायची. मिस्त्री महाखडूस. रेडिओ मोठ्यानं लावायचा आणि प्रत्येक गोष्टीला उद्या म्हणायचा. ती म्हणायची, "खोकतेय." तो म्हणायचा, "ठेवा." एवढंच त्यांचं बोलणं, पण गाडी धावत होती आणि पेशंट बसून राहत नव्हते.

फक्त रविवारी सकाळी तिचं मन जरा हलायचं. रविवारीही जखमा सुट्टी घेत नाहीत, त्यामुळे ती पिशवी घेऊन निघालेली असायची आणि घाटाच्या वळणावर समोरून मोटारसायकलींची रांग यायची. बदकांसारखी एकामागोमाग एक. पुढचा हात करून खड्डा दाखवतोय, मागचा तोच हात आणखी मागं पोचवतोय. ती बाजूला थांबायची आणि रांग वळणाआड जाईपर्यंत बघत राहायची. इतकी वर्षं गाडी चालवून तिच्या पुढं कधी कुणी नव्हतं आणि मागं कधी कुणी नव्हतं. तिला एकदाच, एकदाच, पिशवी घरी ठेवून त्या रांगेत मधोमध जायचं होतं. कुणाच्या दुखण्यासाठी नाही, उगीच.

मागणं काही मोठं नव्हतं. पण ती रांग होती तिच्या सख्ख्या दिराची, आणि परक्याकडून जे चुटकीसरशी मिळतं ते घरच्या माणसाकडून मिळवताना नाकी नऊ येतात.

दिराचं चष्म्यांचं दुकान होतं. पण लोक त्याला ओळखायचे पाना म्हणून, कारण लग्नाला जावो की मयताला, खिशात एक पाना असायचाच. त्यानं मित्रांचं एक मंडळ जमवलं होतं आणि मंडळाला एक नेम घालून दिला होता. जो आपली गाडी स्वतः उघडत नाही, त्याची ती गाडीच नव्हे. ती मिस्त्रीची, आणि हा नुसता वर बसणारा. वर्षातून एकदा मंडळ घाट ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत जायचं. वाटेत ज्याची गाडी मोडेल त्यानं ती आपल्याच हातानं जोडायची. बाकीच्यांनी तोंडानं सांगावं हवं तेवढं, पण बोट लावायचं नाही. परत आले की पानाच्या शेडच्या दारावर प्रत्येकानं काळ्या तेलात बुडवून अंगठा उठवायचा. दार दर वर्षी नव्यानं पांढरं रंगवायचे, म्हणजे गेल्या वर्षीच्या पुण्याईवर यंदा कुणी बसायला नको. ज्याला अंगठ्याचा हक्क नाही तो पाहुणा. पाहुण्यानं सगळ्यांच्या मागून यायचं, बरंच अंतर सोडून, आणि सगळ्यांची धूळ खायची.

नर्सबाईनं स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता विषय काढला, तेव्हा पाना जरा अवघडला आणि मग नेहमीचं प्रवचन सुरू झालं. ती ऐकत होती. गाळणं आपटून तिनं विचारलं, "माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी टेबलावर झोपले होते, भाऊजी. सुरी डॉक्टरांच्या हातात होती. मग हे पोट माझं नाही की काय?"

"पोट वेगळं, वहिनी," पाना म्हणाला. "पोटाला चेन नसते."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं की तुझंही बरोबर आहे आणि त्याचंही बरोबर आहे. असा माणूस भांडणात असून नसून सारखाच, खुर्ची तेवढी अडते.

तरी तिनं करून पाहिलं. एका रविवारी शेडवर गेली आणि मंडळासमोर मागचं चाक काढायला बसली. आता तिची अडचण अशी, की ते काळं तेल एकदा नखांत शिरलं की आठ दिवस निघत नाही, आणि तसल्या नखांनी ती कुणाच्या उघड्या जखमेला हात कसा लावणार? म्हणून तिनं दवाखान्यातले रबरी हातमोजे चढवले. घाम गाळत, मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत तिनं चाक काढलं आणि परत बसवलं. वेळ लागला, पण चाक बसलं. मंडळातला बेकरीवाला म्हणाला सुद्धा, झालं की, अजून काय पाहिजे. पण पानाची मान आडवीच. हातमोज्यांतून गाडी कळत नाही, म्हणे. गाडी कातडीला कळावी लागते.

"तुम्ही दुकानात लोकांचे डोळे तपासता," नर्सबाई म्हणाली, "ते काय डोळ्यांत बोटं घालून?"

सगळे हसले, पण नेम काही हलला नाही. ती पाहुणीच ठरली. तिला इतका संताप आला की जायचंच नाही असं तिनं ठरवलं. आणि जायचं तर होतंच. मग संताप बरोबर घेऊन गेली.

तळ्याच्या फेरीला निघताना पिशवी खुंटीला टांगली. खांदा इतका हलका वाटला की वाटेत दोनदा तिनं तो चाचपून पाहिला. पुढं लांबवर रांग चालली होती, पुढच्याचा हात मागच्याकडे पोचत होता, आणि तिच्यापर्यंत पोचत होती फक्त धूळ. खड्डा आला हे तिला खड्ड्यात गेल्यावर कळायचं. दात खाऊन ती चालवत राहिली.

अर्ध्या घाटात रांग थांबली. ती पोचली तेव्हा सगळे गाड्यांवरून उतरून गोल करून उभे होते आणि मधे पानाची गाडी पडल्या गायीसारखी. चेन निसटली होती. निसटायचं काही कारण नव्हतं, चांगली घट्ट धावत होती ती. पण आदल्या दिवशी पानानं ती उघडली होती, कारण गाडी न उघडता मोठ्या प्रवासाला निघणं म्हणजे त्याच्या लेखी आंघोळ न करता निघण्यासारखं. उघडून जोडताना चेनची दोन टोकं सांधणाऱ्या लॉकची क्लिप उलटी बसली आणि घाटात उडून गेली.

पानाकडे दुसरं लॉक होतं. तो रस्त्यावर फतकल मारून बसला. एका हातानं चेन दातेरी चक्रावर चढवायची, दुसऱ्यानं चाक फिरवायचं, आणि लॉक बसवायला तिसरा हात पाहिजे, तो देवानं दिलेला नाही. चाक गरगर फिरे नाहीतर चेन घसरे. भोवती मंडळ उभं, हात पाठीमागे बांधून, बिछान्यात पडलेल्या आजाऱ्याला बघायला आल्यासारखं. कुणी म्हणे जरा वर घे, कुणी म्हणे खाली सोड, कुणी म्हणे माझ्या गाडीचं असंच झालं होतं, आणि मग त्याची सगळी हकिगत. ऊन डोक्यावर आलं. नर्सबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा धडधाकट पुरुष, बारा हात, आणि एकाही हाताला काम नाही.

"मी चाक धरते," ती म्हणाली.

"हात लावू नका, वहिनी."

चेन पुन्हा घसरली. ती पुढं सरकली, म्हणाली नुसतं धरते, दुरुस्ती तुम्हीच करा. पानानं मान वर न करता तेच उत्तर दिलं, आणि या खेपेला चाकाला जोरानं हिसका दिला. चेन चक्रावर चढली. तिच्याबरोबर पानाचा अंगठाही चढला.

अंगठा बाहेर काढून तो त्याच्याकडे बघत बसला, जणू दुसऱ्याच कुणाचा. नख अर्धं उचकटलं होतं आणि रक्त मनगटावरून ओघळत होतं. बारा हातांचं मंडळ दोन पावलं मागं सरलं. बेकरीवाला तर दुसरीकडे तोंड करून कठड्याला टेकला.

नर्सबाईनं आपल्या गाडीची सीट उचलली. बाकीचे तिथं पाने ठेवतात. तिच्या गाडीत तिथं औषधाची बाटली, कापूस आणि पट्टीचं भेंडोळं असे. पिशवी घरी राहिली तरी हे विसरायचं राहूनच गेलं होतं. बाटलीतल्या पाण्यानं तिनं हात धुतले, त्याच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि पट्टीचं टोक त्याच्यासमोर धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "आपली जखम, आपला हात. आम्ही तोंडानं सांगतो."

पानानं खरंच घेतलं. डाव्या हातानं गुंडाळायला गेला, टोक सुटलं. दातांत धरायला गेला, भेंडोळं घरंगळत उताराला लागलं. कुणीतरी फिसकन हसलं. तिनं वाट पाहिली, जखमेला अपाय होणार नाही इतपतच.

"हात लावू का, भाऊजी?"

पाना खाली बघून म्हणाला, "लावा."

तिनं लावला. जखम धुतली, औषध घातलं, पट्टी अशी बांधली की अंगठा मुळ्याएवढा दिसू लागला. गाडी चालवणं आता त्याच्या हातात राहिलं नव्हतं, अक्षरशः. एक भाजीचा ट्रक खाली चालला होता, त्यात त्याची गाडी चढवली. ट्रकवाल्यानं विचारलं उतरवायची कुठं, तेव्हा पाना पट्टीचं टोक चाचपू लागला. शेवटी नर्सबाईनंच मिस्त्रीचा पत्ता सांगितला.

"आणि तुम्ही माझ्या मागे बसा," ती दिराला म्हणाली.

जखमी माणसाला शेवटी धूळ खायला कसं लावायचं? म्हणून बेकरीवाल्यानं हात करून दोघांना रांगेत मधे घेतलं. पुढं गाडी, मागं गाडी. पुढचा हात करून खड्डा दाखवत होता आणि तिनं तो हात मागं पोचवला. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सुख ते हेच. पण तिला ते काही सुखानं लाभलं नाही, कारण मागून पाना अखंड बोलत होता. वहिनी, आता गिअर टाका. वहिनी, क्लच अर्धा का दाबता? वहिनी, तुमचं इंजिन बरं वाजतंय, कुणी पाहिलं? तिनं सांगितलं, मिस्त्रीनं. मग तळं येईपर्यंत तो गप्प होता, तेवढाच तिचा प्रवास.

संध्याकाळी सगळे शेडवर परतले. तेलाचा डबा उघडला गेला. एकेकानं दारावर अंगठा उठवला, आणि शेवटी पाना मुळ्याएवढा अंगठा घेऊन दारासमोर उभा राहिला. मग बेकरीवाल्यानं घसा खाकरला आणि म्हणाला की नेम बघितला तर चेन काही जोडली गेली नाही, गाडी मिस्त्रीकडे आहे, आणि तू आलास तो दुसऱ्याच्या मागे बसून. पाना म्हणाला, डावा अंगठा चालेल. त्यावर डावा चालतो की नाही यावर वाद पेटला, आणि तो चहा गार होऊन वर साय धरली तरी संपेना.

नर्सबाई गाडीवरच बसून होती. घरी भांडी पडली होती, सकाळी पेशंट होते. तिला त्या दारावर काही उठवायचं नव्हतं. तिनं हाक मारली, "भाऊजी."

वाद थांबला.

"पुढच्या वर्षी मी मधे असेन. हातमोज्यांसकट, मिस्त्रीसकट."

पानानं दाराकडे पाहिलं, मंडळाकडे पाहिलं. "बघू, वहिनी," म्हणाला.

"बघू नाही." तिनं गाडीला किक मारली. गाडी पहिल्या दणक्याला सुरू झाली. "परवा पट्टी बदलायला तुम्ही माझ्याकडेच येणार. चिकटलेली असेल. ती भिजवून सोडवायची की कोरडीच ओढायची, ते तोवर तुम्हीच ठरवा."