चेटकाच्या परीक्षेत नापास

विमल सिस्टर समोरून येताना दिसल्या की आमच्या गल्लीतल्या आया आपल्या पोराच्या गालावर काजळाचा टिपका आहे ना, ते आधी बघून घेत. सिस्टरना एक वाईट खोड होती. जे चांगलं दिसेल ते त्या तोंडावर आणि मोठ्यानं बोलून दाखवत. "काय गुटगुटीत पोरगं आहे गं!" "तुझ्या भाकरीला काय पापुद्रा सुटतो, बाई!" इतरत्र अशा माणसाला दिलदार म्हणत असतील. आमच्या कर्जतला अशा माणसापासून पोर, पीक आणि दुभतं जनावर झाकून ठेवतात.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दुसऱ्यांच्या बाळंतपणातून उसंत मिळाली असती तर केलं असतं." गावोगाव फिरून त्यांनी पोरांना लसी टोचल्या. "अर्ध्या तालुक्याच्या दंडावर माझी सही आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्याही दंडावर ती आहे. त्यामुळे मी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचा ग्रंथपाल झालो, डोक्याचे केस पिकले, तरी त्यांच्यालेखी मी 'अरे पोरा'च राहिलो.

निवृत्तीनंतर त्या रोज दुपारी ग्रंथालयात येत. कुठलंही पुस्तक हातात आलं की औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी वाचावी तशा वाचत. "काय करावं ते कुणीही सांगतं रे. काय करू नये ते जो आधी सांगेल, तो खरा." या एका कसोटीवर त्यांनी माझ्या कपाटातले कितीतरी थोर लेखक निकालात काढले होते.

त्यांच्या शेजारी हिराबाई राहायच्या. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत आणि भिंतीत जाण्यायेण्यापुरतं एक लहान दार. हिराबाईंची दोन्ही बाळंतपणं सिस्टरनी केलेली, तेव्हापासूनची ही मैत्री. सकाळी त्या दारातून चहा इकडे यायचा, संध्याकाळी भाजी तिकडे जायची. हिराबाईंची चांदी नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. एकदा तिचं दूध काढणं चालू असताना सिस्टर दारातून आत डोकावल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हिरा, कास बघ की! नुसती घागर!"

आठवडाभरात चांदीची कास सुजली आणि दूध आटलं. जनावरांचा डॉक्टर आला, कासेचा आजार आहे म्हणाला, इंजेक्शन देऊन गेला. हिराबाईंनी त्याचं सगळं नीट ऐकून घेतलं, त्याला चहा पाजला आणि मग भिंतीतल्या दाराला आतून कडी लावली.

एकदा कडी लागली की बाकीचं काम गल्ली करते. कुणाला आपल्या पोराचा जुना ताप आठवला, कुणाला करपलेली मिरची. एकटी बाई, पोर ना बाळ, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तोंडात सदा कौतुक. चेटकिणीचा पत्ता शोधायला गल्लीला फार लांब जावं लागलं नाही. या गोष्टीचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो. सिस्टर मात्र म्हणाल्या, "आमच्या बापानं बौद्ध झाल्यावर देवसुद्धा सीना नदीत सोडून दिले. भूतं कुठून सांभाळून ठेवली असतील?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी चांगलं म्हणणं सोडलं. पोर समोरून आलं की मान खाली घालून निघून जायच्या. माझ्या टेबलावर नवीन फुलदाणी आली, तिच्याकडे त्यांनी बघितलं आणि ओठ मिटून घेतले. गल्लीतल्या शिव्यांपेक्षा ते मिटलेले ओठ मला जास्त लागले.

मग एका दुपारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "नाव तर पडलंय. आता विद्या तरी शिकून घेते. अगदी पहिलीपासून शिकवणारं एखादं चांगलं पुस्तक बघ."

मी आधी हसलो. मग त्यांचा चेहरा बघून कॉम्प्युटर सुरू केला. आपल्याकडे स्टँडवर मिळतात ती वशीकरणाची पातळ पुस्तकं त्यांनी नावानंच नाकारली. शोधता शोधता कळलं की परदेशात विक्का नावाचा एक पंथ आहे, तिथली माणसं झाडापाल्याला, चंद्राला, ऋतूंना मानतात, आणि स्वतःला हौसेनं चेटकीण म्हणवून घेतात.

"हौसेनं?" सिस्टर उडाल्याच. "आणि मला फुकटात मिळालंय ते!"

नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांना तिथे काही तोटा नव्हता. एकेकाची मोफत दाखवलेली पानं आम्ही वाचत बसलो. एकाच्या मुखपृष्ठावर कवटी होती. सिस्टर म्हणाल्या, "हाडं मी खूप बघितली, पुढचं दाखव." दुसऱ्यात पहिल्या धड्याआधीच चांदीची सुरी, स्फटिक आणि झगा घ्यायला सांगितला होता. "हे पुस्तक नाही रे, दुकान आहे." तिसऱ्यात हव्या त्या माणसाचं मन बांधून ठेवायची कृती होती. तिथे त्या खरोखर चिडल्या. "माणसाला न विचारता त्याला सुईसुद्धा टोचू नये. मन काय बांधतेस, भवाने?"

शेवटी एक बारकं पुस्तक सापडलं. त्यात सुरुवातीलाच लिहिलं होतं की कुणालाही इजा करायची नाही, कारण पाठवलेलं वाईट तिपटीनं आपल्याकडे परत येतं. आजारी असाल तर आधी डॉक्टरकडे जा. अमुक पाला गरोदर बाईला देऊ नका. सिस्टरनी चष्मा पुसून ते पान पुन्हा वाचलं. "हिनं दवाखाना बघितलाय. हेच मागव. आणि ते तिपटीचं तर आमच्या आईनं फुकट सांगितलं होतं."

मागवलं. आता आमच्याकडे कुरिअरवाल्याला घर बंद दिसलं की तो पार्सल शेजारी देऊन मोकळा होतो. कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे याची त्याच्याकडे नोंद नसते. सिस्टर बाजारात गेल्या होत्या, पार्सल हिराबाईंच्या हातात पडलं. पुण्याला असलेल्या आपल्या पोरानं काहीतरी पाठवलं असेल म्हणून त्यांनी ते फोडलं. वर काळं मांजर, उभा झाडू आणि चुलीवर उकळणारं भांडं. सिस्टर परतल्यावर पुस्तक आलं का ते विचारायला मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो, तोच हिराबाई पदराखाली काहीतरी झाकून आल्या. भिंतीतल्या दारानं नाही, रस्त्यानं.

"हे तुझं हाय," त्या म्हणाल्या. मग जागच्या हलेनात. "म्या म्हनलं, ह्यात म्हशीचं काय लिव्हलंय का?"

"कशाला?" सिस्टरनी विचारलं.

"केल्यालं उतरवायचं कसं, ते असंलच की. तेवढं उतरव. मग माझं तुझं काय बी वाकडं न्हाई."

मी सिस्टरकडे बघत राहिलो. एक लिंबू ओवाळून टाकलं असतं तर कडी निघत होती, चहा परत सुरू होत होता. सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. ते त्यांना किती हवं होतं, हे मला माहीत होतं.

"हिरा, उतरवायचं म्हणजे आधी मीच केलं होतं असं होतं. ते मी म्हणणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही." मग त्यांनी पुस्तक उघडलं. "पण बस. वाचून दाखवते. काय सापडतंय ते तूच बघ."

हिराबाई टेकल्या. सिस्टर इंग्रजी वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. घरात वाईट येऊ नये म्हणून दाराशी झाडू उभा ठेवावा.

"उभा? भांडनं लागत्याल की! आमी आडवाच ठिवतो."

मिठानं घर राखावं.

"मीठ-मोहऱ्या तर आमी रोज उतरवतो पोरांवरनं."

चंद्राच्या तिथी सांभाळाव्यात.

"आवसंला गाडीफुडं नारळ फोडतोच की."

दारावर झाडपाला बांधावा.

"लिंबू-मिरची. दर शनवारी."

असं करत करत त्या मांजराच्या चित्रापाशी आल्या, तेव्हा हिराबाईंचं काळं मांजर त्यांच्याच मागून येऊन पायरीवर बसलं होतं. सिस्टरनी पुस्तक मिटलं आणि निकाल लावावा तशा गंभीर आवाजात म्हणाल्या, "हिरा, पुस्तकाप्रमाणं पास तू झालीस. मी नापास. माझ्या घरात मीठ फक्त डब्यात असतं."

हिराबाई मांजराकडे बघत राहिल्या. "म्हंजी म्याच का गं?"

"तूच. आणि नाव माझं!"

आधी सिस्टर हसल्या. मग हिराबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना. सिस्टरनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "विद्या तुझी, पुस्तकही तुझंच. घेऊन जा." इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या हिराबाईंनी ते जपून नेलं. ते आजही त्यांच्या गोठ्यात आढ्याला फडक्यात बांधलेलं आहे. म्हशीच्या रक्षणासाठी!

दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या दाराची कडी निघाली. चहा सुरू झाला. पण सिस्टरचे ओठ काही उघडले नाहीत. चहा कितीही चांगला झाला तरी त्या मुकाट्यानं पिऊन कप खाली ठेवायच्या.

पुढे चांदी गाभण राहिली आणि व्याली. खरवस खायला हिराबाईंनी मलाही बोलावलं. त्या सिस्टरचा हात धरून त्यांना थेट गोठ्यात घेऊन गेल्या. रेडकू आईला लुचत होतं. सिस्टर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, नजर जमिनीकडे.

"बोल की," हिराबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"बोलायचीस त्येच."

"नको गं बाई. परत आटली तर?"

"आटू दे! तू बोल."

सिस्टरनी वर बघितलं. रेडकाच्या कपाळावरही पांढरा ठिपका होता. "काय रूप आहे गं, हिरा!" त्या म्हणाल्या आणि मग त्यांना थांबवणं कुणाला शक्य झालं नाही. रेडकू, कास, खरवस, हिराबाईंचा चुडा, सगळ्याचं कौतुक झालं. शेवटी माझ्या सदऱ्याचासुद्धा नंबर लागला.

गेल्या हिवाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. बुद्धवंदना झाली, अर्धा तालुका लोटला होता. हिराबाई एका बाजूला भिंतीतल्या त्या दाराला टेकून बसल्या होत्या आणि मोठ्यानं बोलत होत्या. "लई गुनाची बाई. काय हात हुता तिचा! काय चाल हुती, वाघिनीवानी! आन हसली की दात कसं मोत्यावानी दिसायचं."

मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, "हिराबाई, हे त्यांना कधी बोलून दाखवलं होतंत का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले. "जिती असताना कसं बोलू, बाबा? पुस्तकात पास म्याच झाल्ते न्हवं? माझीच नजर लागली असती तिला."