फळ्यावरचा सोमवार

एकाहत्तर साली पाथर्डीकडच्या आमच्या शाळेत मी पाचवीला होते. रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात इंग्रजीच्या तीन ओळी बदलायचं काम माझं होतं: काल कोणता वार होता, आज कोणता, उद्या कोणता. वर्ग त्या ओळी सुरात म्हणायचा. मला वाटायचं, मी खडू फिरवते म्हणूनच दिवस पुढं सरकतो.

दिवाळीनंतर एका सोमवारी आमच्या गावच्या गाड्या ऊसतोडीला गेल्या. आई-वडील गेले, मी आत्याकडं राहिले. मंगळवारी फळ्यापुढं उभी राहिले, तर रविवारी आईनं न्हायला घातलेल्या शिकेकाईचा वास अजून वेणीला येत होता. मी खडू उचललाच नाही.

"आज मंगळवार ना गं?" गुरुजींनी विचारलं.

"आमच्यात न्हाई," मी फणकारले.

गुरुजींनी वर्गावरून नजर फिरवली. निम्म्या पोरांच्या घरांना कुलपं होती. मग त्यांनी पट्टी उचलली आणि कालच्याच पहिल्या ओळीवर ठेवली.

इतक्या मोठ्यानं आम्ही इंग्रजीच्या ओळी कधीच म्हटल्या नव्हत्या.

"येस्टरडे वॉज संडे!"