सीतादहीचा घास

देवमनला अकोल्यात एका इमारतीवर चौकीदार होऊन सहा महिने झाले होते. तेल्हाऱ्याजवळचं चार एकर वावर त्याने आपणहून विकलं. २००६ साल होतं. वर्तमानपत्रात रोज आत्महत्या केलेल्या कुणा ना कुणा शेतकऱ्याचं नाव यायचं. "आपलं याच्या आंधी उठलेलं बरं," असं तो बायकोला म्हणाला.

वावर घेतलं शेजारच्या अब्दुल गफ्फारने. माणूस सरळ. बैलही गेले, पण भुऱ्या कुत्रा धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, हलेना. इमारतीत कुत्र्याला मनाई, म्हणून देवमनने त्याला तिथेच ठेवलं. गफ्फार रोज भाकर टाकी. भुऱ्या ती नजर चुकवून खाई आणि गफ्फारने वावरात पाऊल टाकताच दात दाखवी. पेरणी, डवरणी त्याला बाभळीला बांधून निभावली. दिवाळीनंतर कापूस फुटला, तेव्हा मात्र त्याने दोर तोडून पार्बताबाईचं लुगडं फाडलं. वेचणाऱ्या बायांची ती म्होरकी. तिने स्वच्छ सांगितलं, "कुत्रं राहीन, नाही तं आमी."

गफ्फारचा फोन आला. "लोक म्हनतात औषधाची भाकर टाका. माझा हात नाई होत, देवमनभाऊ. पन कापूस गळून राहिला. कल आ जाव."

दुसऱ्या दिवशी देवमन वावरात आला. भुऱ्या त्याच्या अंगावर झेपावला, पायात घोटाळला, लहान पोरासारखा कण्हला. बाया धुऱ्यावर थांबल्या होत्या. पहिल्या वेचणीआधी सीतादही व्हायचं होतं: मालकाने कापसाच्या झाडाला हळदकुंकू वाहून दहीभात शिंपायचा, मगच बोंडाला हात लावायचा. पार्बताबाईने थाळी आणली आणि देवमनने सवयीने हात पुढे केला.

"तू कोन आता?" पार्बताबाईने थाळी मागे घेतली. "हे मालकाच्या हातानं होते."

देवमनचा हात तसाच राहिला.

"मले नाई येत, पार्बतामाय," गफ्फार पुटपुटला.

"दहीभात शिंपाले काय शाळा शिका लागते?" बाया हसल्या.

गफ्फारने अवघडत शिंपलं. देवमनच्या मांडीला टेकलेला भुऱ्या घशातल्या घशात गुरगुरत राहिला. थाळीत थोडा भात उरला.

"हा त्याले तुमच्या हातानं द्या," देवमन म्हणाला. "टाकू नोका. हातावर."

गफ्फारने आपल्या तळव्याकडे पाहिलं. कुत्र्याची लाळ लागली की नमाजाआधी धुणं आलं. मग त्याने बाही वर सारली. "धुईन ना. विहिरीले पानी हाये." तो उकिडवा बसला.

भुऱ्याने तिकडे पाहिलंही नाही. तो देवमनच्या तोंडाकडे बघत होता. "खा रे," देवमनने चुचकारलं, दटावलं, शेवटी हात जोडले. कुत्रा नुसती शेपटी हलवी.

"तू पायत राहयशीन तं तो कायले खाईन?" पार्बताबाईचा आवाज एकदम मऊ झाला. "पाठ कर, बापा."

देवमनने पाठ केली. समोर त्याचंच वावर पांढरं फुटलं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. भुऱ्या एकदा त्याच्या समोर येऊन उभा राहिला. देवमनने पुन्हा त्याच्याकडे पाठ केली. आणखी एकदा तसंच झालं. मग मागे जिभेचा आवाज आला, लपलप, भुकेल्यासारखा.

"खाल्लं!" गफ्फार लहान मुलासारखा ओरडला.

बाया काकरीत, कापसाच्या ओळींत शिरल्या. कुणी गुरगुरलं नाही.

"आता जाय," पार्बताबाई देवमनला म्हणाली. "मागं पाहू नोको. अन् हाक तं बिल्कुल मारू नोको, नाही तं सारं वाया."

देवमन फाट्यावर उभा राहिला. तिथून वावर हाकेवर होतं. बस आली. कंडक्टरने कुठे जायचं म्हणून दोनदा विचारलं. तोंड उघडलं तर भुऱ्याचंच नाव बाहेर पडेल, या भीतीने त्याने ओठ घट्ट मिटले आणि अकोल्याच्या दिशेला बोट दाखवलं.