केल्टनच्या तीनशे बारा गाड्या

आर्लिंग्टनच्या त्या तीनमजली ऑफिसात लव्हर्न टिपटनला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि ती नेमके काय काम करते हे धड सांगू शकेल असा माणूसही नव्हता. एकसष्ट वर्षांची, उंचीने बेताची, आवाजाने खणखणीत. टेबलावर कॉम्प्युटर होताच, पण त्याच्या शेजारी तिच्या आईच्या स्वयंपाकघरातली रेसिपीची पत्र्याची डबी असायची. त्या डबीत रेसिपी एकही नाही. टेक्ससमधल्या गावागणिक एकेक कार्ड. कुठल्या गावात पगार कोणत्या वारी होतो, कुठल्या शाळेत बसचालकांना उन्हाळ्यात पगार मिळत नाही, कुठे तेल लागले की लोक दिलदार होतात आणि तेल आटले की फोन उचलत नाहीत, सगळे पेन्सिलीने लिहिलेले. बावीस वर्षे फोनवरून हप्ते वसूल केल्यावर माणसाच्या डोक्यात जे साठते ते तिने या डबीत भरून ठेवले होते. नवी पोरे तिला हसायची. हसू देत बापडी.

तिचे काम ऐकायला रुक्ष, पण करायला छाती लागते. हप्त्यावर गाड्या घेणाऱ्या हजारो लोकांची कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे गुंतवणूकदारांना विकलेले असतात. वसुली मात्र लव्हर्नच्या कंपनीकडे. दर पंधरा तारखेला गुंतवणूकदारांच्या हातात व्याज पडलेच पाहिजे, मग इकडे कोणाची नोकरी गेलेली असो की कोणाचे छप्पर उडालेले असो. हप्ता थकला तर तेवढे व्याज कंपनी आपल्या खिशातून भरते आणि पुढे त्या माणसाचे पैसे आले की आधी आपले काढून घेते. अट एकच: पैसे परत येतील अशी खात्री असेल तरच भरायचे. आणि ही खात्री कोणीतरी सही करून द्यावी लागते. थकलेल्या प्रत्येक नावापुढे "परत येणार" किंवा "बुडीत" असे लिहून लव्हर्न दर दहा तारखेला यादी वर पाठवायची. एकदा "बुडीत" लिहिले की कंपनी हात आखडता घेते आणि गाडी उचलायला टोइंगवाले निघतात.

त्या फेब्रुवारीत यादीत केल्टन आले. नुसते आले नाही, आदळले! वर उत्तरेकडे, वाऱ्याच्या मुलखातले हे गाव. गावापासून अठरा मैलांवर गोमांसाचा मोठा कारखाना, आणि नाताळच्या आधी त्या कारखान्यात आग लागलेली. अर्धे गाव तिथेच कामाला. जानेवारीचा हप्ता एकदम तीनशे बारा जणांचा थकला. त्यांचे व्याज सत्तर हजार डॉलर.

विभागाचा नवा साहेब ब्रेंट स्टॅनफिल, वय चौतीस, बूट कायम चकचकीत. यादी घेऊन तो स्वतः लव्हर्नच्या टेबलाशी आला.

"मिस लव्हर्न, कॉम्प्युटर म्हणतोय हे गाव बुडालं. तीनशे बाराच्या तीनशे बारा बुडीत. तुम्ही परत येणार असं का लिहिलंय?"

"कारण ते परत देणार आहेत."

"कारखाना बंद आहे हो! देणार कुठून?"

लव्हर्नने डबीतून कार्ड काढले. "कारखाना तीन मार्चला सुरू होतोय, सोमवारी. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात लेकुरवाळ्या लोकांचा टॅक्सचा परतावा बँकेत पडतो. पोरं जास्त तेवढा परतावा मोठा, आणि केल्टनमध्ये घरटी तीन पोरं आहेत, ब्रेंट. मी त्यांच्याशी अकरा वर्षं बोललेय."

"हे कार्डावर लिहिलंय?"

"पेन्सिलीनं."

तो हसला. हसणे वाईट नव्हते, पण त्यात थोडी कीव होती, आणि ती लव्हर्नच्या नाकाला झोंबली.

"ठीक आहे. सही तुमची असेल. पण फेब्रुवारीचा हिशोब अठ्ठावीसला बंद होतो, शुक्रवारी. त्या दिवशी पाचला जो थकलेला राहील त्याची गाडी शनिवारी उचलायची. टोइंगवाल्यांना मी आत्ताच सांगून ठेवतोय."

"शनिवारी गाडी नेलीस तर सोमवारी ते कामावर कसे जातील? तिकडे बस नाही. गाडी गेली की नोकरी गेली, नोकरी गेली की तुझे सत्तर हजारही गेले."

"म्हणूनच तर विचारतोय, सही करताय ना?"

लव्हर्नने सही केली. अक्षर थोडे मोठेच आले.

पुढचे अठरा दिवस तिचे कशातच धड लक्ष नव्हते. रविवारी चर्चच्या जेवणात तिने पीच कॉब्लर हे तिचे नेहमीचे गोड पक्वान्न नेले आणि त्यात साखर घालायलाच विसरली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले, यावरूनच तिला कळले की आपला चेहरा कसा दिसत असणार.

मंगळवारी परतावे सुटले. बातम्यांतही सांगितले. बुधवारी केल्टनच्या यादीत सात जण भरून मोकळे, गुरुवारी बारा. शुक्रवारी सकाळी नऊला लव्हर्नने कॉम्प्युटरवर यादी उघडली. एकोणीस! तीनशे बारापैकी फक्त एकोणीस!

ब्रेंट कॉफीचा कप घेऊन मागे उभा होता. या खेपेला तो हसत नव्हता, आणि तेच जास्त लागले.

"मला वाईट वाटतंय, मिस लव्हर्न. खरंच. पण पाचला मी फोन करणार."

"पाच वाजेपर्यंतचा वेळ माझा आहे," ती म्हणाली आणि तिने पाठ फिरवली.

काय चुकले? लोक बदलले? की आपणच म्हाताऱ्या झालो आणि डबीत भुसा भरत बसलो? कार्ड तिने पुन्हा वाचले. "केल्टन. देतात. वेळ लागतो. परतावा आला की एकरकमी." मग तिने पाच वर्षांत केली नव्हती ती गोष्ट केली. हेडफोन कानाला लावला आणि स्वतः फोन फिरवला. हेक्टर झारागोझा, कारखान्यात सुरीवर काम करणारा, लाल पिकअपवाला. अकरा वर्षांपूर्वी तो तिच्यावर असा ओरडला होता की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्याने पैसे भरले होते. ओरडणारा देतो, गोड बोलणारा लटकवतो, हे ती त्याच्याचकडून शिकली.

"हेक्टर, लव्हर्न बोलतेय. आर्लिंग्टनहून."

"अरे देवा! लव्हर्नबाई! तुम्ही अजून आहात? मला वाटलं तुम्ही कधीच रिटायर होऊन मासे पकडत बसला असाल!"

"मासेच पकडतेय. तुझा जानेवारीचा हप्ता कुठाय?"

"कुठाय म्हणजे? मंगळवारीच भरला की!" हेक्टरचा आवाज चढला, अगदी जुन्यासारखा. "किराणा दुकानातल्या हप्ते भरायच्या खिडकीवर! बाराशे डॉलर! पावती फ्रीजवर चिकटवलीय, फोटो धाडू?"

"बाराशे? तुझे दोन हप्ते मिळून आठशे चाळीस होतात."

"हो, मग? उन्हाळ्यात कामाचे तास कापतात ना. हातात पैसे आहेत तोवर पुढचं भरून ठेवलं. इथं सगळेच तसं करतात. मंगळवारी खिडकीवर रांग केवढी होती! माझी बायको म्हणाली, आज गावाची जत्रा आहे की काय!"

लव्हर्न खुर्चीतून उठली ती हेडफोनची वायर टेबलावरून ओढतच.

सगळे जण हजार, बाराशे भरून गेले. मग ते पैसे आहेत कुठे?

येणारा पैसा सांभाळायची मारिसेला ट्रेव्हिन्यो. ती नाश्त्याचा टाको खात होती.

"मारिसेला, केल्टनचे पैसे शोध. आत्ता! टाको ठेव खाली."

"मिस लव्हर्न, तुम्ही ठीक आहात ना? पाणी देऊ?"

"पाणी नको, पैसे दे!"

मारिसेलाने कॉम्प्युटरवर नोंदींचा एक खाना उघडला, दुसरा उघडला. तिसऱ्याशी तिचा हात थांबला. त्या खान्यावर लिहिले होते, "न जुळलेल्या रकमा." आत दोनशे एकाहत्तर नोंदी, सगळ्या केल्टनच्या.

जानेवारीत नवा प्रोग्रॅम बसवला होता. थकलेल्या माणसाने मागितल्यापेक्षा जास्त रक्कम भरली तर ती चूक समजून बाजूला ठेवायची, माणसाने तपासेपर्यंत, असे त्याला शिकवलेले. ज्या शहाण्यांनी तो लिहिला त्यांच्या स्वप्नातही आले नाही की जो थकतो तोच हातात पैसा आल्यावर पुढचेही भरून टाकतो. चकचकीत काचेच्या ऑफिसात बसून हे कसे कळणार? वर्षातून एकदा हातात रक्कम येते आणि तेव्हाच माणूस सुखाची झोप विकत घेतो, हे ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

लव्हर्न ब्रेंटच्या खोलीत घुसली. दारावर टकटक वगैरे काही नाही.

"ब्रेंट! पैसे आलेत! मंगळवारपासून आपल्याच घरात पडलेत! तुझ्या प्रोग्रॅमनं कोंडून ठेवलेत!"

ब्रेंटने यादी पाहिली. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला, कारण त्या प्रोग्रॅमवर मंजुरीची सही त्याचीच होती. बाजूला पडलेली एकेक नोंद उघडायची, पावतीशी ताडायची, हप्त्यात जमा करायची, उरलेली रक्कम पुढच्या महिन्यावर टाकायची. एका नोंदीला पाच-सहा मिनिटे. दोनशे एकाहत्तर नोंदी आणि पाच वाजायला पावणेसात तास.

"किती माणसं लागतील?" त्याने विचारले.

"तुझ्यासकट पाच."

त्याने बाह्या वर केल्या आणि लव्हर्नच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. काय धमाल उडाली म्हणून सांगू! ज्या ऑफिसात एरवी कीबोर्डचीच टकटक ऐकू यायची तिथे आरोळ्या सुरू झाल्या. "एकशे चौदा!" "एकशे पंधरा!" "ही बघा, चौदाशे भरलेत या बाईनं!" दुपारचे जेवण म्हणून कोणीतरी ब्रिस्केटचे सँडविच आणले, ते एका हाताने खात दुसऱ्या हाताने काम. लव्हर्न नाव वाचायची आणि त्या माणसाची गोष्टही सांगायची. हिचा नवरा दुरुस्तीला पवनचक्क्यांवर चढतो, हा दर वर्षी बैल घेऊन रोडिओला जातो आणि दर वर्षी पडतो. ब्रेंट आधी नुसता ऐकत होता. तीनच्या सुमारास तोच विचारू लागला, "आणि हा कोण?"

लाल पिकअप दोनशे तिसावी निघाली. लव्हर्नने ती स्वतः जमा केली.

पाचला आठ मिनिटे असताना मारिसेला ओरडली, "दोनशे एकाहत्तर! संपल्या!" मग जो कल्ला झाला तो खालच्या मजल्यावरच्यांना जिन्याने वर घेऊन आला. सत्तर हजारांतले पासष्ट हजार कंपनीच्या खिशात परत आले होते. लव्हर्नचा जीव भांड्यात पडला आणि ती सगळ्यांदेखत रडली. रडताना हसतही होती, आणि नाक पुसायला टाकोचा कागद घेतला.

ब्रेंटने फोन उचलला. "उद्याचे ट्रक रद्द," तो म्हणाला, मग घुटमळला. "थांबा. बावीस नावं अजून उरलीत."

एकोणीस आणि दोनशे एकाहत्तर, दोनशे नव्वद. उरलेल्या बावीस जणांनी काहीच भरले नव्हते, आणि ते देतील हे दाखवायला लव्हर्नजवळ या खेपेला कसलाच पुरावा नव्हता.

"मिस लव्हर्न," ब्रेंट म्हणाला, "डबीत काय लिहिलंय?"

तिने कार्ड त्याच्यापुढे धरले. ते त्याने दोनदा वाचले. मग फोनमध्ये "एकही ट्रक नको" म्हणाला, आणि बावीस नावांची यादी ओढून प्रत्येकापुढे "परत येणार" लिहीत गेला. ती सही लव्हर्नची असायची. तिने पेन घ्यायला हात पुढे केला, पण त्याने पेन दिले नाही.

खाली कारणासाठी एक रकाना असतो. तिथे एरवी कॉम्प्युटरचे आकडे छापलेले येतात. ब्रेंटने ते आकडे खोडले आणि हाताने लिहिले, "देतात. वेळ लागतो." त्याखाली स्वतःचे नाव घातले.