माळेगावची कमान आणि वर्षाराणीचा उजवा हात

लोह्याकडची माणसं लातूरला निघाली की वाटेत माळेगाव लागतं. रस्त्यावरून खंडोबाची कमान दिसली की एसटीत पेंगणाऱ्या माणसाचाही हात कपाळाला जातो. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत दाबून छातीला हात लावतो, आणि मोटारसायकलवाला एका हाताने गाडी सांभाळत दुसरा हात वर करतो. हे कोणी कोणाला शिकवत नाही. वर्षाराणी तर त्या रस्त्याकाठच्याच गावची. आईच्या मांडीवर होती तेव्हापासून तिचा उजवा हात त्या कमानीपुढे वर गेलेला. तोच हात एक दिवस इतका महागात पडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पोरगी चणीने बारीक, बोलायला कंजूस. आठवीत असताना लांबच्या मुलींना शाळेतून सायकली मिळाल्या, तशी हिलाही एक निळी मिळाली. शाळा सहा किलोमीटरवर. बाकीच्या मुली गप्पा मारत रमतगमत जायच्या. हिला मात्र पुढे कोणाची सायकल दिसली की ती मागे टाकल्याशिवाय चैन पडत नसे. एकदा तिने चक्क दूधवाल्याची मोटारसायकल चढावर गाठली. मास्तरांनी घरी निरोप धाडला, पोरीला जरा दमाने चालवायला सांगा. तिची आई, लक्ष्मीबाई, निरोप्यालाच म्हणाली, "दमानंच चालवती ती. तुमच्याच गाड्या हळू हायत."

बारावीनंतर ती लातूरच्या कॉलेजात आली आणि विरूपाक्ष सरांच्या नजरेत भरली. सर तिथले क्रीडाशिक्षक. कबड्डी आणि खो-खो यापलीकडे मुलींचं मैदान नसतं असं मानणाऱ्या कॉलेजात त्यांनी हट्टाने मुलींचा सायकल संघ उभा केला होता. वर्षाराणी, ऋतुजा, सिंधु आणि स्वप्नाली. यातली स्वप्नाली उदगीरच्या किराणा दुकानदाराची लेक, घरचं लिंगायत वळण, आणि जिभेला अशी धार की सरसुद्धा तिच्याशी बोलताना दोनदा विचार करत.

सांघिक शर्यतीचं गणित सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. चौघींनी एका रांगेत धावायचं. पुढची वाऱ्याला छाती देते, मागच्या तिघी तिच्या आडोशाने जातात. पुढची दमली की कोपर हलवते, बाजूला होते आणि रांगेच्या शेवटी जाऊन लागते. दोन चाकांत अंतर फार तर वीतभर. आणि घड्याळ थांबतं ते तिसऱ्या मुलीचं चाक रेघेवर आल्यावर. म्हणजे एकटीने पुढे पळून काहीच हाती लागत नाही. आजवर समोरच्याला मागे टाकणं एवढंच माहीत असलेल्या वर्षाराणीला हे पचायला दोन महिने लागले. मग मात्र ती अशी सुधारली की रांगेत पुढे आली की मागे वळून न बघता, नुसत्या श्वासाच्या आवाजावरून कोण दमलंय ते ओळखायची आणि वेग तेवढाच ठेवायची. हे शिकवून येत नाही. सर कोणाचं तोंडावर कौतुक करत नसत, पण घरी बायकोजवळ त्यांनी तीनदा केलं.

त्या वर्षी कॉलेजांमधल्या स्पर्धेचा रस्ता ठरला तो नेमका वर्षाराणीच्या गावाकडचा. लोह्याबाहेरून निघायचं, माळेगाव ओलांडून पुढे जायचं आणि वळसा घेऊन त्याच रस्त्याने परत. दिवाळीनंतरची शर्यत. तीन आठवडे आधी सर रस्ता दाखवायला चौघींना घेऊन आले. लातूरच्या बाजूने लोह्याकडे निघाले, मुली पुढे सायकलींवर, सर मागून जीपमध्ये. कडेला कोणीतरी सोयाबीन वाळत घातलेलं, सकाळचं कोवळं ऊन, वारा पाठीमागून. चौघी अशा सुटल्या की बघत राहावं. वर्षाराणी पुढे होती, तिच्या चाकाला लागून स्वप्नाली.

कमान दिसली आणि वर्षाराणीचा हात उठला.

तिने उचलला नाही, तो उठला. हँडल तसूभर हललं, पाय क्षणभर थांबले, आणि मागून येणाऱ्या स्वप्नालीचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकावर आदळलं. स्वप्नाली खांद्यावर पडली. तिला चुकवताना सिंधु सोयाबीनमध्ये शिरली, ऋतुजा कशीबशी थांबली. वर्षाराणीला खरचटलंसुद्धा नाही. ती सायकलवरच होती, हात अजून कपाळाशी.

सर जीपमधून उतरून धावत आले. त्यांना फक्त धूळ दिसली होती. सिंधु केसांतल्या शेंगा काढत म्हणाली, "कुत्रं आडवं आलं असंल, सर."

ही पळवाट आयती समोर आली होती. सरांनी मान डोलावलीही होती. कोणीही गप्प बसलं असतं. वर्षाराणी म्हणाली, "कुत्रं न्हवतं, सर. म्या हात सोडला. देवाला."

 सरांनी आजवरचा सगळा संताप एकदम काढला. शिस्त, अक्कल, दुसऱ्याचा जीव, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. स्वप्नालीला जीपमध्ये बसवलं, सायकली वर बांधल्या आणि लोह्याच्या दवाखान्याकडे गाडी काढली, तरी तोंडाचा पट्टा चालूच. गाडी कमानीपुढे आली. बोलता बोलता सरांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि कपाळाला लागला.

मागच्या सीटवर कण्हणारी स्वप्नाली म्हणाली, "सर, स्टिअरिंग धरा. माझं एकच हाड शिल्लक हाय."

दवाखान्यात कळलं, गळ्याजवळचं हाड मोडलंय. दीड महिना सायकल बंद. संघात राखीव मुलगी नव्हती. तिघीच उरल्या, म्हणजे आता एकीलाही मागे राहायची सोय नाही. वर्षाराणी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडली आणि मग आत जाऊन स्वप्नालीला म्हणाली, मी नाव काढून घेते.

"काढ की," स्वप्नाली म्हणाली. "म्हंजी माझं हाड फुकटच गेलं. कामून असं करायलीस गं? हात आवर म्हटलं तर पायच आवरायला निघालीस."

"तुला राग न्हाई आला?"

"लई आला. पण तू कुत्र्यावर ढकललं असतंस तर जास्ती आला असता." मग गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्याला हात लावून ती म्हणाली, "आमचं बरं हाय बघ. देव गळ्यातच. त्याला रस्त्यात हात दाखवावा लागत न्हाई."

आता प्रश्न एकच उरला, हात आवरायचा कसा. लातुरात हॉस्टेलमागे मारुतीचं देऊळ आहे. वर्षाराणी रोज सकाळी त्याच्यापुढून फेऱ्या मारू लागली, दोन्ही हात हँडलवर घट्ट धरून. पहिल्या दिवशी सात फेऱ्यांत सहा वेळा हात सुटला. एकदा तिने मनगट ओढणीने हँडलला बांधून पाहिलं, तेव्हा सरांनी ओढणीच जप्त केली. पुजारी बिचारा बुचकळ्यात पडला, की ही मुलगी देवासमोरून रोज पन्नास वेळा जाते आणि तोंड असं का करते.

हळूहळू मारुतीपुढे हात टिकू लागला. पण मारुती वेगळा आणि घरचं कुलदैवत वेगळं. फोनवर लक्ष्मीबाई म्हणाली, "तू हात जोडलास म्हणून हाडावर निभावलं, बाई. न्हाईतर काय झालं असतं! आता शर्यतीच्या नादात देवाला इसरू नको." खरी मेख इथेच होती. वर्षाराणीला आईचं म्हणणं वेडगळ वाटलं असतं तर काम सोपं होतं. पण तिलाही ते पटत होतं. कमानीपुढून हात न जोडता गेलं तर काय होईल याची तिला खरीखुरी भीती वाटत होती, आणि हात जोडला तर काय होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी सुचवलं, कमानीच्या आधी मागे सरक, ऋतुजाला पुढे घाल. तिने ऐकलं नाही. त्या टापूत चढ होता, तिथे ऋतुजाला पुढे घातलं तर ती पुढे टिकणार नव्हती. "तिथं मीच पुढं पाहिजे, सर," ती म्हणाली.

शर्यतीच्या सकाळी लोह्याबाहेर मंडप पडला होता. नऊ संघ आले होते, आठांत चार-चार मुली, एकात तीन. बघ्यांपैकी कोणी म्हणालंही, "ह्यांची एक कुठं हाय?" खरं तर ती एक सकाळपासून बेपत्ता होती. स्वप्नाली हात गळ्यात बांधून सरांबरोबर जीपमधून आली होती, पण वाटेतच कुठेतरी उतरली. सरांना विचारलं तर ते शिट्टी शोधत असल्याचं नाटक करू लागले.

तिघी निघाल्या. समोरून वारा. पहिला टप्पा सिंधुने ओढला, मग ऋतुजाने, मग वर्षाराणी पुढे आली आणि पुढेच राहिली. मागे ऋतुजाचा श्वास लागलेला तिला ऐकू येत होता. तिने वेग तेवढाच ठेवला, वाढवला नाही, पडू दिला नाही. चढ सुरू झाला. चढाच्या माथ्यावर कमान.

उजव्या हाताची बोटं तिच्या देखत सैल होऊ लागली. मागे वीतभरावर सिंधुचं चाक, त्याच्यामागे ऋतुजाचं. तिला स्वप्नालीचा पडतानाचा आवाज आठवला आणि आईचा फोनवरचाही. तिने दात आवळले, पण बोटं ऐकेनात.

"समोर बघ गं!"

कमानीखाली स्वप्नाली उभी होती. डावा हात गळ्यात, तोंड देवळाकडे, उजवा हात कपाळाला लावलेला. मान वळवून ती जिवाच्या आकांताने ओरडत होती, "तुझा नमस्कार म्या केला! तू हँडल धर! चौघींचा मिळून केला, जा!"

तिच्या शेजारी लक्ष्मीबाई उभी होती. तिला कोणी कसं पटवलं कोण जाणे, पण तिनेही हात जोडले होते आणि तीही ओरडत होती, "जा बाई, जा! आमी हाव हितं!"

वर्षाराणीची बोटं पुन्हा हँडलवर आवळली गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. ती तशीच कमानीपुढून गेली, मागच्या दोघींना घेऊन. परतीच्या वेळीही त्या दोघी तिथेच होत्या, हात तसेच. या खेपेला वर्षाराणी हसली, पण मान वळवली नाही.

तिघींचा दुसरा नंबर आला. नांदेडच्या मुली अकरा सेकंदांनी पुढे राहिल्या. चार-चार मुलींचे सात संघ मागे टाकून तिघी आल्या होत्या, आणि तिसरं चाक ऋतुजाचं, पुढच्या चाकाला जवळजवळ चिकटलेलं. सरांनी त्या दिवशी तोंडावर कौतुक केलं. एकच वाक्य, तेही अडखळत, पण केलं.

परतताना कमानीशी जीप थांबली. वर्षाराणी उतरून स्वप्नालीजवळ गेली.

"तुमचा देव तर गळ्यात," ती म्हणाली. "मग माझ्या देवाला कशाला?"

"अगं, म्हाळसा आमचीच. लिंगायत वाण्याची लेक," स्वप्नाली म्हणाली. "तुझा खंडोबा आमचा जावाई लागतो. जावयाचा मान आमीच करायचा असतो. फक्त आज एकाच हाताचा झाला, एवढं गोड मानून घे म्हणावं त्याला."

वर्षाराणीने देवळाकडे तोंड केलं. उजवा हात वर उचलला, जो सगळ्या शर्यतीत उचलला नव्हता, आणि स्वप्नालीच्या मोकळ्या हाताला जोडला.